डांसाचें ज्ञान आणि शाळेंतील मूल

२० ऑगस्ट १८९७ रोजीं सिकंदराबाद येथील एका लष्करी रुग्णालयांत रोनाल्ड रॉस नांवाचा इंग्रज वैद्य सूक्ष्मदर्शक यंत्राला डोळा लावून बसला होता. हुसेनखान नांवाच्या हिंवतापाच्या रोग्यास चावलेल्या डांसांचीं पोटें तो एकामागून एक तपाशीत होता. प्रत्येक डांसामागें एक आणा या दरानें हुसेनखानानें ते डांस आपल्या अंगावर बसूं दिले होते. त्या दिवशीं रॉसला एका डांसाच्या जठराच्या भिंतींत काळसर कणांनीं युक्त अशा वाटोळ्या पेशी दिसल्या. आणि शतकानुशतकें दूषित हवेच्या माथीं मारलेल्या रोगाचें मूळ डांसाच्या पोटांत सांपडलें. पुढील वर्षीं कलकत्त्यास पक्ष्यांवर प्रयोग करून त्यानें राहिलेली सांखळी जोडली. १९०२ सालीं याच कार्यासाठीं त्याला नोबेल पारितोषिक मिळालें.

सिकंदराबाद हें निजामाच्या राज्यांतील छावणीचें गांव. जालनाहि त्याच राज्यांतलें, आणि तेथेंहि १९०३ पर्यंत हैदराबाद कंटिंजंट फौजेची छावणी होती. १९०० च्या सुमारास गोदावरी खोऱ्यांतून जाणारी रेल्वे सुरू झाली आणि दोन्हीं गांवें एकाच रुळावर आलीं. कापूस, धान्य आणि माणसें या रुळावरून सहज ये-जा करूं लागलीं. ज्ञान मात्र इतक्या सहज प्रवास करीत नाहीं. सिकंदराबादेस लागलेला शोध जालन्याच्या शाळेंतील मुलापर्यंत पोंचण्यास किती काळ लागला, आणि पोंचला तेव्हां तो कोणत्या रूपानें पोंचला, हा प्रश्न वरवर लहान दिसतो. पण त्याच्या उत्तरांत या भागाच्या सार्वजनिक आरोग्याचा बराचसा इतिहास सांठविलेला आहे.

अज्ञानाची किंमत त्या वर्षीं किती भारी होती, याची साक्ष पुण्यानें दिली आहे. रॉसच्या शोधाच्या पांच महिने आधीं, १० मार्च १८९७ रोजीं, सावित्रीबाई फुले यांचा प्लेगनें अंत झाला. मुंढव्याच्या एका प्लेगग्रस्त मुलाला पाठीवर घेऊन त्यांनीं आपले पुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यांत पोंचविलें, आणि त्या सेवेंतच त्यांना रोगानें गांठलें. १८४८ सालीं मुलींच्या शाळेंत शिकवूं लागलेल्या या शिक्षिकेला, किंवा त्या काळच्या कोणाहि वैद्याला, उंदराच्या अंगावरील पिसू हा रोग माणसाला देते हें ठाऊक नव्हतें. पॉल-लुई सीमाँ या फ्रेंच वैद्यानें कराचीस तें दाखविलें १८९८ सालीं. आणि त्याचें म्हणणें सर्वमान्य होण्यास आणखी सुमारें दहा वर्षें लागलीं. तोंपर्यंत घरें धुतलीं गेलीं, छपरें उतरविलीं गेलीं, माणसें छावण्यांत नेलीं गेलीं. पण शत्रु कोण हेंच माहीत नसल्यामुळें बहुतेक श्रम व्यर्थ गेले आणि लोकांच्या मनांत संताप मात्र सांचला.

शत्रूचें नांव कळल्यावर काय होऊं शकतें, याचीं दोन उदाहरणें त्याच सुमारास परदेशांत घडलीं. पहिलें हवाना शहराचें. पीतज्वर डांसामुळें होतो असें कार्लोस फिनले या क्यूबन वैद्यानें १८८१ मध्येंच सुचविलें होतें. अमेरिकन लष्करी वैद्यांनीं तें प्रयोगानें सिद्ध केल्यावर विल्यम गॉर्गस यानें १९०१ सालीं घरोघर माणसें पाठवून पाण्याचे हौद, पिंपें आणि रांजण झांकविले, किंवा त्यांवर तेल टाकविलें. त्याच वर्षांत पीतज्वर हवानांतून नाहींसा झाला. हा पीतज्वर पसरविणारा डांस म्हणजे एडिस इजिप्ती. आज जालन्याच्या घरांत डेंगी आणि चिकुनगुनिया पसरवितो तो हाच. मात्र गॉर्गसच्या मोहिमेला लष्करी सत्तेचा आधार होता. ज्याच्या घरीं उघडें पिंप सांपडे त्याला दंड होई.

दुसरें उदाहरण इटलीचें आहे आणि तें अधिक मननीय आहे. रोम शहराभोंवतालच्या माळावर हिंवतापानें शेतमजुरांचीं कुटुंबें उध्वस्त होत असत. कोयनेल सरकारनें स्वस्तांत उपलब्ध केलें होतें, पण मजूर तें घेण्यास तयार नसत. फुकटाच्या औषधांत त्यांना विषाचा वास येई. तेव्हां अँजेलो चेल्ली हा वैद्य, त्याची पत्नी ॲना आणि त्यांचे साहित्यिक मित्र यांनीं १९०४ पासून त्या माळावर शेतमजुरांसाठीं शाळा काढल्या. अक्षरओळख आणि आरोग्य यांची सांगड त्यांनीं घातली. ज्याला वाचतां येऊं लागलें त्याला डांसाचें चित्रहि वाचतां येऊं लागलें, आणि शाळेंतून घरीं गेलेल्या मुलाच्या तोंडून आईबापांनीं जें ऐकलें तें सरकारी शिपायाच्या तोंडून ऐकलें नसतें. इटली हिंवतापमुक्त जाहीर होण्यास १९७० साल उजाडलें. त्या दीर्घ लढ्याचा एक पाया या शाळांनीं घातला होता.

जालन्याकडे वळल्यावर प्रथम दिसते ती भाषेची भिंत. निजामाच्या राज्यांत कारभाराची भाषा उर्दू होती. १९१८ सालीं स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठानें पाश्चात्य शास्त्रें देशी भाषेंत शिकविण्याचें थोर कार्य हातीं घेतलें आणि त्यासाठीं भाषांतराचें मोठें खातें उभारलें, याचें श्रेय त्यास दिलेंच पाहिजे. परंतु ती देशी भाषा उर्दू होती. मराठवाड्यांतील बहुसंख्य मुलांच्या घरची भाषा मराठी. वरच्या इयत्तांपर्यंत जाणारीं मुलें थोडीं, आणि त्यांतून शास्त्राचें ज्ञान आपल्या आईच्या भाषेंत घरीं नेणारीं त्याहून थोडीं. सिकंदराबादचा शोध राज्याच्या सीमेबाहेर जगभर गेला. राज्यांतल्याच खेड्यांत त्याला दुभाषा मिळाला नाहीं.

सप्टेंबर १९४८ मध्यें निजामी राजवट संपली. १९५६ सालीं मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यांत आणि १९६० सालीं महाराष्ट्रांत आला. याच काळांत देशानें हिंवतापाविरुद्ध मोठें युद्ध पुकारलें. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतांत दरवर्षीं सुमारें साडेसात कोटि लोकांना हिंवताप होई आणि आठ लाख माणसें त्यानें मरत. १९५३ सालीं नियंत्रणाची योजना निघाली, १९५८ सालीं तिचें निर्मूलन मोहिमेंत रूपांतर झालें, आणि डी. डी. टी. चे पंप घेऊन माणसें गांवोगांव फिरूं लागलीं. १९६५ च्या सुमारास रोग्यांची संख्या एक लाखापर्यंत खालीं आली. असा विजय वैद्यकाच्या इतिहासांत क्वचितच आढळतो.

पण या विजयांत एक उणीव होती. फवारणी करणारा येई, भिंतीवर औषध मारी आणि निघून जाई. भिंत कां ओली केली, हें घरच्या माणसांस समजावून सांगण्यास त्याला वेळ नसे. आंत बसलेल्या डांसाला भिंतीवरचें औषध मारतें, तें महिनोन् महिने तसेंच राहिलें पाहिजे, हें न कळल्यामुळें गृहिणी सणावाराला भिंती सारवून काढीत आणि औषध मातीखालीं गाडलें जाई. यांत त्यांचा दोष कोणता? स्वच्छ सारवलेलें घर हें त्यांच्या दृष्टीनें आरोग्याचेंच लक्षण होतें. पुढें डांस औषधाला सरावले, यंत्रणा ढिली पडली, आणि १९७६ सालीं देशांत हिंवतापाचे चौसष्ट लाखांहून अधिक रोगी नोंदले गेले. शत्रु परतला तेव्हां नव्या पिढीला त्याची ओळखहि राहिली नव्हती.

त्यानंतर शाळेच्या पुस्तकांतून डांसाचा धडा नियमानें येऊं लागला. आज जालना जिल्ह्यांतील कोणत्याहि शाळेंतील मुलास हिंवताप कशानें होतो असें विचारलें, तर "डांस चावल्यानें" हें उत्तर मिळण्यास अडचण पडूं नये. रॉसच्या शोधापूर्वीं जें उत्तर मोठमोठ्या वैद्यांना देतां येत नव्हतें तें आज बालकाच्या ओठावर आहे, ही कांहीं लहान गोष्ट नव्हे. परंतु खरी परीक्षा पुढच्या प्रश्नाला सुरू होते. कोणता डांस? तो दिवसा चावतो कीं रात्रीं? त्याचा जन्म कोठें होतो? देशांत ठिकठिकाणीं झालेल्या पाहण्यांतून वारंवार असें आढळलें आहे कीं, पहिलें उत्तर बहुतेकांस येतें आणि या पुढच्या प्रश्नांशीं पुष्कळांची गाडी अडते. गटार, डबकें, उकिरडा, ही डांसाची जन्मभूमि म्हणून सांगितली जाते. आणि घरांतला स्वच्छ पाण्याचा रांजण कोणाला आठवत नाहीं.

याचें कारण असें कीं मुलाच्या मनांत सर्व डांस एकच आहेत. वस्तुस्थिति वेगळी आहे. हिंवतापाचा ॲनाफेलीस रात्रीं चावतो. घाण पाण्यांत वाढणारा क्युलेक्स हत्तीरोग पसरवितो. परंतु पायांवर पांढरे पट्टे असलेला एडिस हा पक्का घरबशा प्राणी आहे. तो पिंप, टांकी, कुंडी, फुटकें टायर, शीतपेटीखालचें तसराळें अशा ठिकाणच्या स्वच्छ, स्थिर पाण्यांत जन्मतो, जन्मस्थानापासून फार दूर जात नाहीं, आणि दिवसाउजेडीं, म्हणजे मुलें शाळेंत बसलेलीं असतात त्याच वेळीं, चावतो. मच्छरदाणी रात्रीं लावून त्याच्यापासून बचाव होत नाहीं. त्याची मादी अंडीं पाण्यावर न सोडतां भांड्याच्या आंतल्या कडेस चिकटविते. तीं कोरडीं पडलीं तरी महिनोन् महिने जिवंत राहतात आणि पाणी चढतांच फुटतात. अंड्यापासून उडणारा डांस होण्यास आठ-दहा दिवस पुरतात.

हा डांस काय करूं शकतो हें महाराष्ट्राला दोनदां कळलें. १९५२-५३ मध्यें आफ्रिकेंतील टांगानिका देशांत एका नव्या तापाची सांथ आली. रोगी सांध्यांच्या वेदनेनें वांकून जात, म्हणून तेथील माकोंडे भाषेंत त्यास वांकविणारा अशा अर्थाचें चिकुनगुनिया हें नांव पडलें. १९७३ सालीं सोलापूर जिल्ह्यांतील बार्शी गांवांत या रोगाची मोठी सांथ आली आणि पुण्याच्या विषाणु संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनीं तिचा अभ्यास केला. नंतर तीस वर्षें रोग जणूं निजला. २००५ च्या अखेरीस तो पुन्हां उठला, आणि २००६ सालीं देशांत सुमारें चौदा लाख संशयित रोगी नोंदले गेले. त्यांपैकीं अडीच लाखांहून अधिक महाराष्ट्रांतले होते. मराठवाड्यांतील गांवेंच्या गांवें सांधे धरून बसलीं. ऐन पेरणी-खुरपणीच्या दिवसांत घरचीं कर्तीं माणसें अंथरुणावरून उठूं शकत नसत.

त्या वर्षीं एक विलक्षण घोटाळा झाला. फेब्रुवारींत नंदुरबार जिल्ह्यांतील नवापूर येथें कोंबड्यांना बर्ड फ्लू झाला होता आणि लाखों कोंबड्या माराव्या लागल्या होत्या. पाठोपाठ चिकुनगुनिया आला. आणि त्याच्या नांवांत 'चिकन' ऐकूं येत असल्यामुळें पुष्कळांनीं दोहोंचा संबंध जोडला. कोंबडीचें मांस सोडलें कीं रोग टळेल, अशी समजूत पसरली. पिंप मात्र उघडेंच राहिलें. नांवाचा अर्थ सांगणें ही केवळ पांडित्याची गोष्ट नसते. एका शब्दाचा खरा अर्थ कळला असता तर कित्येक घरांचें लक्ष कोंबडीवरून पाण्याकडे वळलें असतें.

आतां पाण्याचा इतिहास पाहिल्यावांचून जालन्याचा हा प्रश्न पुरता समजणार नाहीं. हें गांव एके काळीं तळ्यांचें होतें. जमशेदखान नांवाच्या सुभेदारानें मोठा तलाव बांधून तेथून जमिनीखालच्या नळांनीं शहरांतील हौदांत पाणी खेळविलें होतें, अशी नोंद जुन्या गॅझेटियरांत सांपडते. पुढें निजामी अमदानींत घाणेवाडीचा तलाव झाला; तो आज संत गाडगेबाबा जलाशय म्हणून ओळखला जातो. १ मे १९८१ रोजीं जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला. बियाण्यांचे व पोलादाचे कारखाने निघाले, वस्ती वाढली. पर्जन्य मात्र वर्षाकांठीं सरासरी सातशें मिलीमीटरच्या आंतबाहेर राहिला. २०१२-१३ च्या दुष्काळांत तर नळाला पाणी येण्यांत दिवसांचें नव्हे, आठवड्यांचें अंतर पडलें. घरोघर पिंपांच्या रांगा लागल्या. पाणी आठ दिवसांनीं येतें आणि डांसहि आठ दिवसांनीं जन्मतो: या दोन वेळापत्रकांच्या जुळणींत दुष्काळी शहरांतील डेंगीचें सगळें रहस्य आहे. पाऊस नसलेल्या वर्षींहि डांसाचा रोग कां येतो, याचें कोडें येथें सुटतें.

आरोग्यखातें सांगतें कीं आठवड्यांतून एक कोरडा दिवस पाळा, सर्व भांडीं रिकामीं करून घांसा. उपदेश बिनचूक आहे. परंतु शाळेंत तो ऐकून घरीं आलेल्या मुलीनें आईला काय सांगावें? ज्या पाण्याच्या पाळीसाठीं तिची शाळा बुडाली, जें तिनेंच डोक्यावर वाहून आणलें, तें पाणी ओतून दे म्हणून? अशा उपदेशाला आई हंसेल किंवा रागावेल, आणि दोन्हींकडून शाळेच्या शब्दाची किंमत कमी होईल. मुलाला ज्ञान आहे, पण घराला तें परवडत नाहीं, ही खरी अडचण आहे. आणि तिच्याकडे डोळेझांक करून मुलांच्या अज्ञानाला दोष देणें अन्यायाचें होईल.

या अडचणींतून वाट मराठवाड्याच्याच अनुभवानें दाखविली आहे. नारू हा रोग डांसाचा नव्हे. पाण्यांतील एका सूक्ष्म जीवामार्फत तो होई, आणि पायऱ्यांच्या विहिरी व बारवा हें त्याचें माहेर होतें. त्याला लस नव्हती, औषधहि नव्हतें. पायऱ्यांच्या विहिरी सुधारल्या, आणि पाणी फडक्यानें गाळून पिण्याची जुनीच चाल कटाक्षानें पाळली गेली. एवढ्या साध्या साधनांनीं तो हटला. देशांतील शेवटचा रोगी १९९६ सालीं आढळला आणि २००० सालीं भारत नारूमुक्त ठरला. तेंच फडकें येथेंहि कामास येतें. पिंपाचें पाणी दुसऱ्या भांड्यांत गाळून घ्यावें, म्हणजे अळ्या फडक्यावर राहतात. रिकाम्या पिंपाची आंतली कड काथ्यानें खसखसून घांसावी, म्हणजे चिकटलेलीं अंडीं जातात. मग तेंच पाणी परत ओतून तोंडावर फडकें घट्ट बांधावें. एक तांब्याहि वायां जात नाहीं. जो हौद रिकामा करतांच येत नाहीं त्यांत गप्पी मासे सोडावे. असा उपाय मुलगी घरीं सांगूं शकते, कारण तो आईच्या संसाराशीं भांडत नाहीं.

शाळेनेंहि आपलें वेळापत्रक डांसाच्या वेळापत्रकाशीं ताडून पाहावें. राष्ट्रीय डेंगी दिन १६ मे रोजीं येतो. तेव्हां महाराष्ट्रांत उन्हाळ्याची सुटी असते. जूनच्या मध्यास शाळा उघडते तेव्हां दोन महिने बंद असलेल्या टांक्या, माठ आणि शौचकुपें यांच्या कडांवर अंडीं पावसाची वाट पाहत असतात. नव्या वर्षाचा पहिला धडा तेथेंच कां गिरवूं नये? कांचेच्या बरणींत चार अळ्या ठेवून वर फडकें बांधलें तर आठवड्याच्या आंत मुलांच्या डोळ्यांदेखत अळीचा कोष आणि कोषाचा डांस होतो. जें पुस्तकांतल्या दहा ओळींनीं साधत नाहीं तें या एका बरणीनें साधतें. कारण ज्याच्या डोळ्यांनीं तें रूपांतर पाहिलें, त्याला घरच्या पिंपांत वळवळणारा जीव पुन्हां कधीं निरुपद्रवी वाटत नाहीं.

आणि डांसावरच हें पाहणें थांबत नाहीं. १९६५ सालीं नागपूरच्या चांदीपुरा वस्तींतील रोग्यांत प्रथम सांपडलेला आणि त्याच वस्तीच्या नांवानें ओळखला जाणारा विषाणु मुख्यतः लहान मुलांचाच घात करितो. २००३ सालीं आंध्र प्रदेशांत त्यानें ३२९ मुलांना गांठलें आणि त्यांतलीं १८३ दगावलीं. भिंतींच्या भेगांत राहणारी वालुमाशी त्याची वाहक मानली जाते. जालन्याच्या शेजारच्या बीड जिल्ह्यांत, मामला गांवीं, १९९४ च्या ऑगस्टांत उंदीर मरून पडूं लागले आणि पिसवांचा उपद्रव झाला; प्लेगची वर्दी प्रथम त्यानेंच दिली. धान्याच्या कोठारांत पिसू, भिंतीच्या भेगेंत वालुमाशी, पाण्याच्या पिंपांत एडिस: म्हणजे या रोगांचा भूगोल घराच्या चार भिंतींतच काढलेला आहे, आणि घराचा कानाकोपरा मुलांइतका दुसऱ्या कोणास ठाऊक असतो?

रॉसनें डांसाचें पोट उघडून पाहिलें तेव्हां त्याच्याजवळ साधन होतें एका जुन्या सूक्ष्मदर्शकाचें. पण त्याहून मोठें साधन होतें तें खोलांत जाऊन पुढचा प्रश्न विचारण्याच्या संवयीचें. जालन्याच्या मुलापर्यंत त्याचें उत्तर पोंचलें आहे. ती संवय पोंचली, कोणता डांस, केव्हां, कोठल्या भांड्यांत, हें मूल आपण होऊन विचारूं लागलें आणि झांकण उचलून पाहूं लागलें, म्हणजे सिकंदराबादेहून निघालेला तो शोध रुळाच्या या टोकाला खऱ्या अर्थानें पोंचला असें म्हणतां येईल.